कटकट नावाचं दुखणं

वाशीममध्ये मला ‘करंटवाल्या मॅडम’ म्हणतात. दारावरच्या पाटीवर ‘फिजिओथेरपिस्ट’ असं लिहिलेलं आहे, पण तो शब्द पेंटरला पहिल्यांदा धड लिहिता आला नाही आणि पेशंटना शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. मग मीही नाद सोडला. भाजी घ्यायला गेले की मेथीवाली शेजारणीला कौतुकानं सांगते, “ह्याच त्या मॅडम. माह्या सासूले ह्यायनंच करंट देल्ला होता.” शेजारीण पदर सावरत दोन पावलं मागे सरकते.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याला इकडच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून आले आणि इथलीच झाले. या वर्षी मात्र दवाखाना एका नव्या मुलीच्या हवाली केला, कारण लोकांची दुखणी दाबता दाबता माझ्याच अंगठ्यांनी संप पुकारला. मी रिकामी झाले आहे ही बातमी संपादकांना कुठून लागली कोण जाणे, पण त्यांचा फोन आला. “तुमच्या व्यवसायातले हृद्य अनुभव लिहा,” म्हणाले. हृदय माझ्या खात्यात येत नाही. माझा सगळा जन्म गुडघे, खांदे आणि घोटे यांच्यात गेला. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहिते.

आधी करंटचं सांगून टाकते. तो एक डबा असतो, त्याच्या वायरींना रबरी पट्ट्या असतात, त्या दुखऱ्या जागेवर बांधायच्या आणि बटण दाबायचं. मुंग्या आल्यासारखं होतं, थोडा वेळ बरं वाटतं. एवढंच. खरा उपाय कसरत, आणि ती पेशंटनं स्वतः, रोज, घरी करायची असते. हे कळलं की निम्मे पेशंट परत येत नाहीत. उरलेले कसरत केली असं खोटं सांगायला येतात आणि करंट घेऊन जातात.

पेशंटांमध्ये म्हातारी माणसं सगळ्यात सोपी. “मी पडन वं माय, मले धर,” असं सरळ सांगतात. अवघड जात खेळाडूंची. ऑपरेशन यशस्वी, पाय मजबूत, पण मैदानाजवळ गेला की माणूस लाकडासारखा ताठ होतो. हे का होतं, ते आम्हाला ठाऊक असतं आणि त्यालाही ठाऊक असतं. मात्र ‘मला भीती वाटते’ हे वाक्य इतक्या वर्षांत एकाही खेळाडूनं माझ्यासमोर उच्चारलेलं नाही. त्याऐवजी तो म्हणतो, “मॅडम, थोडी कटकट वाजते.” सांध्यातून बोटं मोडल्यासारखा आवाज येतो, असं त्याचं म्हणणं असतं. मी हात लावून बघते. काही वाजत नसतं. तरी मी मान डोलावते आणि मनाशी म्हणते, आला बाई, कटकटीचा पेशंट आला.

पहिला मोठा कटकटीचा पेशंट म्हणजे गजानन पैलवान. कुस्तीत त्याचा खांदा उतरला होता. तो टेबलावर आडवा झाला की टेबल दिसायचं बंद व्हायचं. आमच्याकडे पडद्याच्या आत पेशंट आणि बाहेर बाकावर बाकीची मंडळी, अशी व्यवस्था. बाकावरच्या निम्म्या लोकांनी त्याची कुस्ती पाहिलेली, त्यामुळे पैलवान आतून मोठ्यांदा बोलायचा. “वाढवा मॅडम करंट! अजून वाढवा! मले काई होत नाई!”

एक दिवस मी त्याच्या खांद्याला पट्ट्या बांधल्या आणि बटणाकडे हात नेला तेवढ्यात लाइन गेली. इकडे विजेला लाइन म्हणतात आणि ती येण्यापेक्षा जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मी त्याला सांगणार, तोच पडद्याआडून समाधानाचा हुंकार आला. “हां! आज बराबर बसून राह्यला. कालच्यापेक्षा कडक हाय आजचा.”

बाहेरून एक मावशी म्हणाल्या, “पैलवान, लाइन तं कवाची गेली ना बावा.”

पडद्याआड टेबल करकरलं. मग आवाज आला, “तरीच म्हनलं, हा हळूहळू उतरून कसा राह्यला!”

त्या दिवशी जाताना तो दाराशी घुटमळला. खालच्या आवाजात म्हणाला, समोरच्याचा हात खांद्याकडे आला की त्याचे डोळे आपोआप मिटतात. मी विचारलं, असं कशानं होत असेल? तो म्हणाला, “काई नाई मॅडम, कटकट वाजते.” पुढे महिन्याभरानं तो आखाड्यात परतला. त्याचं त्यानं कसं निभावलं ते मला कधीच कळलं नाही. मी मात्र तेव्हापासून, जो करंट वाढवायला सांगतो त्याला जरा जास्त जपायला लागले.

दुसरे शकीलभाई. धंद्यानं टेलर, आणि रविवारी टेनिस बॉलच्या सामन्यात असे फास्ट बॉलर की बॅट्समन आधी आपला विम्याचा हप्ता भरला का ते आठवायचे. बॉल टाकताना पाय मुरगळला आणि घोटा सुजला. सूज उतरली, घोटा घट्ट झाला, जिना चढले, उड्या मारल्या. पण रविवार आला की शकीलभाई पांढरी टोपी घालून अंपायर म्हणून उभे.

“शकीलभाई, बॉलिंग कधी?”

“बॉलिंग तो कोई बी करता मॅडम. अंपायर कोन होता? जिम्मेदारी का काम है.” मग जरा थांबून, “और थोडी कटकट बी वाजते.”

मी त्यांच्या घोट्याला कान लावला. अक्षरशः लावला. सात्त्विक शांतता. “कुठे वाजतंय?” म्हटलं.

त्यांनीही वाकून कान देण्याचा प्रयत्न केला. “आता बंद हाय,” म्हणाले. “तुमाले पाहून भेली ती.”

माणूस घाबरला नव्हता, कटकट घाबरली होती! मी खूप हसले. पण शकीलभाई आजही अंपायरच आहेत. कुणी वाइड बॉल टाकला की त्यांचा उजवा हात बॉल टाकल्यासारखा अर्धा वर जातो आणि परत खाली येतो. घोटा मी बरा करून दिला, त्यांची बॉलिंग काही मला परत आणता आली नाही. याची चुटपुट मला आहे, आणि ब्लाऊज शिवायला दिलं की दर वेळी ती ताजी होते.

आता वैष्णवीचं सांगते. ती किन्हीराजा गावची. कबड्डी खेळायची, आणि चढाईत तिचा हात धरणारी पोरगी आसपासच्या गावांत नव्हती. ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चढाई म्हणजे एकटीनं समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं, जिला जमेल तिला शिवायचं आणि दम असेपर्यंत आपल्या बाजूला परतायचं. परतताना ती गर्रकन वळली. शरीर वळलं, पाय जमिनीत रुतून राहिला. काडकन आवाज झाला, तो म्हणे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. म्हणजे मांडीचं हाड आणि पायाचं हाड एकत्र धरणारी दोरीच. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि पुढच्या कसरतीसाठी वडील तिला मोटारसायकलवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आले. सरळ केलेला पाय बाहेर काढून ती बसली होती, शिडी आडवी नेतात तशी. गल्लीतल्या दोन सायकली आणि एक हातगाडी बाजूला करावी लागली.

वडील रामेश्वरभाऊ. शेतकरी माणूस, उंचापुरा, मिशा भरघोस, आणि मुलीच्या बाबतीत मेणाहून मऊ. पण मुलीचं ते नावच घेत नसत. “मॅडम, गुडघा काय म्हनते आज?” फोनवर घरी सांगायचे, “हो, गुडघ्याचं चांगलं हाय. गुडघ्यानं आज पोहे खाल्ले.” गावात जो भेटेल तो गुडघ्याची चौकशी करायचा आणि एक औषध सांगायचा. एरंडाचं पान, उंटाचं तेल, कुणी तर गुडघ्याला दृष्ट लागली म्हणून काळा दोरा बांधून गेलं. वैष्णवी मला म्हणाली, “मॅडम, घरी पाव्हने आले की गुडघ्याले भेटतेत, अन् जातेत. मी नुस्ती गुडघ्याले आननारी.”

पोरगी कष्टाळू होती. खोटं न बोलता कसरत करणारी ती माझी पहिली आणि बहुधा शेवटची पेशंट. गुडघा वाकला, सरळ झाला, बारीक झालेली मांडी भरली. एका पायावर उडी मारून तोल सावरणं हा आमचा शेवटचा पेपर, त्यातही ती पास झाली. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. मी रामेश्वरभाऊंना पेढे आणायला सांगितले.

पेढे खाऊन झाले आणि तिच्या कोचचा, मानकर सरांचा, फोन आला. “मॅडम, एक डाव मैदानावर येऊन पाहा ना.”

मी किन्हीराजाला गेले. मैदानाशेजारी रामेश्वरभाऊ उभे होतेच. वैष्णवीनं दम घेतला, “कबड्डी कबड्डी” करत तीरासारखी सुटली, आणि समोरच्या अंगणातल्या आडव्या रेषेपाशी येऊन थांबली. चढाई करणाऱ्याला तेवढी रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. तिथं तिनं पाय पुढे केला, हवेत ठेवला आणि मागे घेतला. परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग लंगडत माझ्याजवळ आली. लंगडायचं काही कारण नव्हतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “कटकट वाजते.”

मानकर सर मला बाजूला घेऊन बोलले. जऊळक्याला स्पर्धा होती. तिथला खेळ बघून ते जिल्ह्याच्या संघासाठी एकच चढाईवाली निवडणार होते. वैष्णवीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. “जागा मी धरून ठेवली हाय,” ते म्हणाले, “पन जऊळक्याले तिनं चढाई केली नाई, तं मले दुसऱ्या पोरीले न्यावं लागन. त्या पोरीनं बी मेहनत केली हाय ना मॅडम.” त्यांचं काहीच चूक नव्हतं.

मी तिथंच, सगळ्यांसमोर, विचारून बसले, “वैष्णवी, भीती वाटते का गं?”

 पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. वैष्णवीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या केसांत उवा सापडल्याचं जाहीर केलं होतं. रामेश्वरभाऊ मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “मॅडम, आमच्या घरात असलं काई नसते.”

खेळाडूंच्या मनावर इलाज करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात म्हणे. वाशीममध्ये मी होते आणि माझा करंटचा डबा होता. मोबाइलवर काही व्याख्यानं ऐकली. त्यात एक उपाय होता, डोळे मिटून आपण यशस्वी खेळतो आहोत अशी कल्पना करायची. मी वैष्णवीला टेबलावर आडवं केलं, पंखा लावला, आवाज मृदू केला. “डोळे मिट. मैदान डोळ्यांसमोर आण. तू रेषेकडे चालली आहेस. काय दिसतंय?”  उत्तराऐवजी घोरणं आलं. पहाटेची एसटी पकडून आलेली पोरगी, तिचा तरी काय दोष! बाहेरून रामेश्वरभाऊंनी पडदा किलकिला करून पाहिलं आणि मला हातानंच खूण केली की असू द्या, गुडघ्याला आराम पडतोय.

दुसरा उपाय मानकर सरांनी केला. त्यांनी सगळ्या संघासमोर तिला तावातावानं सांगितलं की तू वाघीण आहेस, वाघीण मागे पाहत नसते. ती माझ्याकडे आली तेव्हा चेहरा आणखी उतरला होता.

“मॅडम, वाघिनीचं ऑपरेशन करतेत काय?”

“नाही गं.”

“मंग सरायले कोनी तरी सांगा ना.”

अशातच एक दिवस ती करंट घेत पडली होती आणि बाहेर बाकावर कुणी नव्हतं. रामेश्वरभाऊ चहाला गेले होते. वर छताकडे बघत तिनं विचारलं, “मॅडम, तुमाले कायचं भेव लागते?”

मी खरं ते सांगितलं. काही वर्षांपूर्वी मी नाक्यावर स्कूटरवरून पडले. फारसं लागलं नाही. स्कूटर दुरुस्त होऊन आली, ती आजही अंगणात आहे, मी रोज पुसते. पण चालवत नाही. लोकांना सांगते की पायी चालणं प्रकृतीला चांगलं. नवरा आधी हसायचा, आता तोही इतरांना सांगतो की आमच्या हिला चालायची आवड आहे.

वैष्णवी इतकी हसली की तिच्या पट्ट्या सुटल्या. “म्हंजे तुमचीबी कटकट वाजते!”

“वाजते तर.”

हसू ओसरल्यावर तिनं सुटलेल्या पट्ट्या पुन्हा बसवल्या. मग म्हणाली, “मॅडम, तुमी त्या दिवशी चुकीचं इचारलं. मले भीती नाई वाटत. भीती ते पिक्चरमधी भुताची वाटते. मले भेव लागते.”

साताऱ्याची मी, मला वाटायचं दोन्ही एकच. इथं इतकी वर्षं काढून मला तो फरक टेबलावर पडलेल्या एका पोरीनं समजावला. भीती वाटली की माणूस किंचाळतो, लोक हसतात, संपतं. भेव पोटात असतं आणि त्याबद्दल बोलायचं नसतं. मी विचारलं, कशाचं?

“तो आवाज,” ती म्हणाली. “काडकन. रेषेपाशी पाय ठेवला की मले वाटते आता वाजन. अन् सगळे आयकतीन.” आणि मग ती रडली. मी तिच्या पायावर हात ठेवून बसले, करंट बंद करायचं भान मला राहिलं नाही.

मला एक गोष्ट दिसत होती. रेषेपाशी आली की तिचा दम अडकायचा, आणि दम अडकला की पाय. म्हटलं, जे पोटात अडकलंय तेच दमात बाहेर काढलं तर? हे कुठल्या पुस्तकात आहे का, मला ठाऊक नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी खडूनं रेघ मारली आणि तिला सांगितलं, “कबड्डी म्हणू नको. ‘भेव लागते, भेव लागते’ म्हणत जा. एका दमात. मोठ्यांदा.”

“येडी म्हनतीन मॅडम लोकं.”

“म्हणू देत.”

ती पुटपुटत गेली, रेघेवर थांबली, परत आली. दुसऱ्यांदा आवाज वाढला. बाकावर बसलेल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, “या पोरीले लय भेव लागते वाटते वं. अंगारा लावा इले.” वैष्णवीला हसू फुटलं आणि त्या हसण्याच्या भरात तिचा पाय रेघेपलीकडे पडला. तिला कळलंही नाही. मला कळलं, पण मी शहाणपणा करून काही बोलले नाही.

मग हा कार्यक्रम रोजचा झाला. आधी चालत, मग पळत, मग वळत. पुढे किन्हीराजाच्या मैदानावर. तिथल्या पोरी पहिल्या दिवशी फिदीफिदी हसल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनाही चेव आला. एक “गनिताचं भेव लागते” म्हणत धावली, दुसरी “काकूचं भेव लागते” म्हणत. मानकर सर कपाळाला हात लावून उभे. पण वैष्णवी रेषा ओलांडत होती, त्याच पायावर वळत होती, आणि लंगडणं कुठल्या कुठे गेलं होतं. स्पर्धा जवळ आल्यावर मी सांगितलं, आता शब्द बदल, पुन्हा कबड्डीवर ये. तिनं बदललाही. सरावात एकदाही चुकली नाही.

जऊळक्याला आम्ही पोचलो तेव्हा भोंगा वाजत होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेले एक माजी सरपंच हार घालून खुर्चीवर बसले होते. माझ्या पिशवीत बर्फ, पट्ट्या आणि तीन प्रकारचे गुडघ्याचे पट्टे. रामेश्वरभाऊंनी घरून उशी आणली होती. लागलंच काही, तर गुडघा खाली टेकायला नको.

अर्धा खेळ झाला तरी वैष्णवी चढाईला गेली नाही. कोपऱ्यात उभी राहून पकडी करत होती. संघ मागे पडला. मानकर सर माझ्याकडे बघत, मी रामेश्वरभाऊंकडे, आणि ते गुडघ्याकडे. शेवटी सर ओरडले, “वैष्णवी, जाय!”

ती गेली. भोंग्यामुळे मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ हलताना दिसत होते. रेषेपाशी आली आणि थांबलीच नाही. पलीकडे गेली, डावीकडच्या पोरीला शिवलं, मधलीला शिवलं, ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळली आणि परत आली. मी टाळ्या वाजवल्या, रामेश्वरभाऊंनी उशी डोक्यावर धरून नाच केला.

आणि शिट्टी वाजली. मुख्य पंचांनी तिला बोलावलं. “पोरी, तू काय म्हनून राह्यली होती?”

“कबड्डी,” वैष्णवी म्हणाली.

समोरच्या संघातली मधली पोरगी तावातावानं पुढे आली. “खोटं हाय सर! हे ‘भेव लागते, भेव लागते’ म्हनून राह्यली होती. मले वाटलं इले खरंच काई झालं, म्हनून मी इचाराले गेली, तं हे मलेच शिवून पयाली!”

वैष्णवीचं तोंड उघडंच राहिलं. तिला खरोखर ठाऊक नव्हतं. इतके दिवस घोकलेलं ऐन वेळी तोंडातून बाहेर पडलं होतं. पंचांनी चढाई रद्द केली आणि वर समोरच्यांना गुण दिला.

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. रामेश्वरभाऊ उशी घेऊन मैदानात घुसले आणि गरजले, “सरपंच! हा कोनता न्याय झाला?” खुर्चीवरचे माजी सरपंच हारासकट उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मी काय केलं बावा?” त्यांना खाली बसवण्यात जरा वेळ गेला.

“कोन्या पुस्तकात लिहेल हाय, भेव लागते म्हनू नाई म्हनून?” रामेश्वरभाऊ पंचांना विचारत होते.

“भाऊ, पुस्तकात कबड्डी म्हनावं असं लिहेल हाय,” पंच शांतपणे म्हणाले. “घरी कितीबी भेव लागू द्या.”

“लागतेच!” रामेश्वरभाऊ म्हणाले. “माह्या पोरीले लागते, मले बी लागते. तरी गेली ना ते!”

सगळ्या जऊळक्यासमोर, भोंग्याच्या माइकपासून हातभर अंतरावर ते हे बोलले. ज्या घरात असलं काही नसतं, त्या घरचा कर्ता माणूस. वैष्णवी वडिलांकडे बघतच राहिली. 

खेळ सुरू झाला. समोरची चढाई झाली आणि पुन्हा आपली पाळी आली. सर कुणाचं नाव घेणार, त्याआधी वैष्णवी मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिली होती. या वेळी भोंगाही बंद होता. “कबड्डी, कबड्डी,” खणखणीत, पंचांच्या कानाजवळून. रेषा ओलांडून ती कोपऱ्यातल्या पोरीवर गेली, आणि त्या पोरीनं खाली बसून तिचा घोटा धरला. तोच पाय. वैष्णवी त्याच गुडघ्यावर आपटली आणि वर चार पोरी पडल्या.

 मी पिशवी घेऊन धावले, रामेश्वरभाऊ उशी घेऊन. मला वाटलं माझाच जीव आता जातो. ढिगाऱ्याखालून काही आवाज येईना. मग आला.

“उठा ना वं! नाकात माती गेली माह्या!”

पोरी उठल्या. ती उठली, कपडे झटकले, बाद झाली म्हणून पाय आपटत बाहेर आली. त्याच पायानं आपटत. माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. “मॅडम, याले काई लावा ना. लय आग होऊन राह्यली.” कोपर सोलवटलं होतं.

मी पिशवी उलटी केली. गुडघ्याचे तीन पट्टे पडले, बर्फ पडला. कोपराला लावायला काहीच नव्हतं. चहाच्या टपरीवरून कुणीतरी हळद आणून दिली. मी कापसानं माती पुसत होते आणि मला पुढचं दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. मानकर सर मैदानावरची नजर न काढता म्हणाले, “मॅडम, जिल्ह्याले वैष्णवीच जाईन.”

तेवढ्यात आपल्या संघातल्या एका पोरीनं गुण आणला आणि बाद झालेल्यांपैकी एकीला परत आत जाता येणार होतं. “माहा नंबर हाय!” म्हणत वैष्णवीनं हात सोडवून घेतला आणि अर्धी हळद लागलेलं कोपर घेऊन पळाली. रामेश्वरभाऊ जरा वेळ उशी छातीशी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली टाकली, तिच्यावर स्वतः मांडी घातली आणि सरकून मला जागा करून दिली.